तळाचा तुकडा

मास्तरांचा आवाज बसला त्याला वर्ष होत आलं होतं, आणि त्या वर्षात पॅथॉलॉजीच्या डॉक्टरबाईंनी दोन वेळा स्वतःच्या सहीनं लिहून दिलं होतं, की मास्तरांच्या घशात कॅन्सर नाही.

मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. एक जुनी पांढरी गाडी, टपावर पाटी, शिकवणाऱ्याच्या पायाशी जास्तीचा ब्रेक. सव्वीस वर्षं त्यांनी त्याच सीटवर बसून काढली होती आणि गावातले निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेले होते. शिकणारा कितीही घाबरो, मास्तरांचा आवाज कधी चढायचा नाही. "क्लच... क्लच... आता सोडा, हळूच, झोपलेल्या पोराच्या डोक्याखालचा हात काढतो तसा." पुढे तोच आवाज घोगरा झाला, मग फाटला, मग अर्धी वाक्यं नुसत्या हवेची यायला लागली. तेव्हा त्यांनी लाकडी पट्टी घेतली. डॅशबोर्डवर एक टकटक म्हणजे ब्रेक, दोन म्हणजे क्लच. शिकणारे बाहेर येऊन सांगायचे, मास्तरांनी आता तबला घेतलाय.

त्यांची बायको या ड्रायव्हिंगच्या शाळेचं ऑफिस सांभाळायची. अर्ज, तारखा, फोन, रागावलेले पालक, सगळं तिच्या अंगावर. तिनंच त्यांना धरून घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, हात हलका होता. त्यांनी नाकातून बारीक कॅमेरा आत सोडला आणि पडद्यावर उजव्या स्वरतंतूवर पांढरं, खरबरीत, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं काहीतरी दिसलं. मास्तरांनी वीस वर्षं सिगारेट ओढली होती आणि सहा वर्षांपूर्वी सोडली होती. डॉक्टरांनी भूल देऊन त्यातला तुकडा काढला आणि बाईंकडे पाठवला.

बाई रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागाच्या प्रमुख. विभाग तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, जिथे पेशंट सहसा फिरकत नाहीत. येतात ते त्यांचे तुकडे, छोट्या बाटल्यांत, झाकणावर नंबर घालून. तीस वर्षांत बाईंनी लाखभर माणसांच्या आत डोकावून पाहिलं असेल, पण रस्त्यात भेटले तर त्यातल्या दहाजणांनाही त्यांनी ओळखलं नसतं. त्यांना ते बरं वाटायचं. माणूस समोर बसला की नजर हलते, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्याबरोबर तितकीच वर्षं काम करत होते नाना. बाटलीतला तुकडा बाहेर काढायचा, त्यातलं पाणी उतरवायचं, वितळलेल्या मेणात बसवायचा, मेण घट्ट झालं की केसाहून पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवून अलगद काचेवर उचलायचे आणि गुलाबी-जांभळा रंग द्यायचा, हे सगळं नानांचं. बाई म्हणायच्या, "मी नुसती वाचते. लिहितात नाना."

मास्तरांचा पहिला तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा होता. बाईंनी पाहिलं. त्वचेचा जाड थर, वर पापुद्र्यावर पापुद्रे, पण पेशी कशा, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारख्या. ओळीत, एकसारख्या, कुणाचं डोकं वर नाही. कॅन्सरची पेशी अशी नसते. ती वेडीवाकडी असते, फुगलेली असते, शेजारणीला ढकलून आत घुसते. बाईंनी लिहिलं: जाड झालेली त्वचा, कॅन्सर नाही.

तीन महिन्यांनी दुसरा तुकडा आला. पुन्हा तेच.

तो रिपोर्ट न्यायला मास्तरांची बायको स्वतः विभागाच्या खिडकीवर आली होती. तिथल्या तिथे कागद वाचला, दोनदा घडी घातली आणि पर्समध्ये ठेवता ठेवता नानांना म्हणाली, "अहो, तुमच्या डॉक्टरबाईंना सांगा, मी आज महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवणार आहे." नानांनी ते आत येऊन सांगितलं. बाई हसल्या आणि पुढची काच घेतली.

गाठ मात्र वाढत होती. आणखी काही महिने गेले आणि घशाच्या डॉक्टरांचा फोन आला.

"मॅडम, मी आज पुन्हा पाहिलं. दुप्पट झालंय. तंतू धड हलत नाही."

"डॉक्टर, दोन्ही वेळा काही नव्हतं."

"मला कळतंय. पण मी डोळ्यांनी पाहतोय ना."

"मीही डोळ्यांनीच पाहते," बाई म्हणाल्या. "काचेवर जे दिसतं ते मी लिहिते. काचेवर नसलेलं लिहायला लागले तर मग मी पत्रिकाच पाहाव्यात."

"तिसरा तुकडा पाठवतो," डॉक्टर म्हणाले आणि फोन ठेवला.

तिसऱ्या तुकड्यातही ओळीत उभी मुलंच होती. एका कोपऱ्यात मात्र काही पुंजके सुटे सुटे दिसत होते, इकडे चार, तिकडे चार. बाई तिथे थोड्या रेंगाळल्या. तुकडा आडवातिडवा कापला गेला की असं दिसतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी लिहिलं, कॅन्सर दिसत नाही. आणि खाली एक ओळ घातली, की तुकड्यात खोलवरचा भाग आलेला नाही. ही खालची ओळ पेशंट वाचत नाहीत. बरेचदा डॉक्टरही वाचत नाहीत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांनी फोन उचलला नाही. पुढे त्या स्वतःवर ज्या गोष्टीसाठी सर्वांत जास्त चिडल्या, ती हीच.

घरच्यांचा धीर सुटला होता. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी विभागातून काचा मागून घेतल्या आणि दुसऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेत दाखवल्या. दहा दिवसांनी मास्तर आणि त्यांची बायको दोघंही खिडकीवर आले. बायकोच्या हातात दोन कागद होते. तिनं ते शेजारी शेजारी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले.

"मला डॉक्टरबाईंना भेटायचंय," ती नानांना म्हणाली. "भांडायला नाही. विचारायला."

बाईंनी दोघांना आत घेतलं. खोलीत दोनच खुर्च्या होत्या आणि त्यातल्या एकीवर काचांचे ट्रे होते. नानांनी ते उचलले. बाई उभ्याच राहिल्या.

"हा तुमचा कागद," मास्तरांची बायको म्हणाली. "यात म्हटलंय, काही नाही. आणि हा त्यांचा. यात म्हटलंय, कॅन्सर आहे, आत पसरत चाललाय. काचा त्याच. घसा तोच. मला एवढंच सांगा, या दोन कागदांतला माझा नवरा कुठला?"

बाईंनी दुसरा रिपोर्ट वाचला. नेहमीचा, सर्रास आढळणारा प्रकार, आतल्या थरात शिरलेला, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्या कोपऱ्यातल्या सुट्या पुंजक्यांवरूनच लिहिलं असणार.

"पुढचं काय सांगितलंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"सात आठवडे किरणं द्यायची. नाही जमलं तर स्वरयंत्र पूर्ण काढायचं. मानेला भोक." हे मास्तर बोलले. बाईंनी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. कोरड्या पानांवरून कुणी चालत जावं तसा. एक शब्द आला की दुसऱ्यासाठी श्वास घ्यावा लागत होता. "माझी कशालाही तयारी आहे. फक्त, एकदा नक्की करा. मी शिकवताना सांगतो, वळायचं तर वळा, नाही तर सरळ जा. मध्येच थांबू नका. मागचा येऊन आदळतो."

"अहो, बोलू नका," बायको म्हणाली.

"मग तू बोल."

"बोलतेच आहे की वर्षभर. दोघांचं मीच बोलतेय."

बाईंनी दोघांकडे पाहिलं. मास्तरांच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. गळ्याला कापड लागलं तरी त्रास होत असावा. इतके दिवस हा माणूस म्हणजे बाटलीवरचा नंबर होता. "मला आठ दिवस द्या," त्या म्हणाल्या. "किरणं तोवर सुरू करू नका. तुमच्या डॉक्टरांशी मी बोलते. आणि एक सांगते. माझं चुकलंही असेल. त्यांचंही चुकलं असेल. ते मला बघू द्या."

मास्तरांच्या बायकोनं दोन्ही कागद उचलले. "आठ दिवस," ती म्हणाली. "मी मोजणार आहे हं."

ते गेल्यावर बाईंनी त्यांनी परत आणून दिलेल्या तिन्ही वेळच्या काचा काढल्या आणि ओळीनं मांडल्या. नानांना बोलावलं. दोन डोक्यांचा मायक्रोस्कोप होता, एका बाजूनं बाई, दुसऱ्या बाजूनं नाना. नाना डॉक्टर नव्हते, पण तीस वर्षं काप काढणाऱ्याला जे दिसतं ते पुस्तकात नसतं.

"नाना, मला एकच सांगा. यातल्या कुठल्या तुकड्याला तळ आहे?"

नानांनी काचा एकामागून एक फिरवल्या. पहिली, दुसरी, तिसरी. पुन्हा पहिली.

"एकालाही नाही, बाई. हे सगळे शेंडे आहेत. वरवरचं खुडलंय." मग ते तिसऱ्या काचेवर थांबले आणि त्यांचा चेहरा उतरला. "आणि हा तुकडा माझ्याकडून आडवा बसलाय. उभा कापला जायला हवा होता, तिरपा गेला. म्हणून ही बेटं सुटी दिसतायत. सुटी नाहीतच ती, वरच्या थराची खाली उतरलेली बोटं आहेत. बोटांवरून तिरपी सुरी फिरवली की चकत्या पडणारच."

"त्या चकत्यांनाच त्यांनी कॅन्सर म्हटलंय."

"म्हणजे माझ्यामुळे," नाना म्हणाले.

"तुकडा तांदळाएवढा होता, नाना. त्याला डोकं कुठलं आणि पाय कुठले, ब्रह्मदेवाला कळलं नसतं."

पण नाना त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेले.

बाई काचा पाहत बसल्या. एकीकडे गाठ वाढतेय, तंतू अडकलाय. दुसरीकडे पेशी साध्याभोळ्या. दोन्ही खरं असेल तर? असा एक प्रकार असतो. घशात तो क्वचितच सापडतो. तीस वर्षांत बाईंनी दोनदा पाहिला होता आणि त्यातला एकदा शिकत असताना, सरांच्या खांद्यावरून. चामखिळीसारखा वाढतो म्हणून त्याला व्हेरुकस म्हणतात. याच्या पेशी वाकड्या नसतात. तो मुळांसारखा फाटे फोडून आत घुसत नाही. तो अख्खाच्या अख्खा, रुंद पायांनी, खालच्या थराला दाबत दाबत उतरतो. वरून खुडलेला तुकडा पाहून तो ओळखताच येत नाही. त्याचं सोंग उघडं पडतं ते फक्त तळाशी.

आणि हा प्रकार असेल तर सगळंच बदलत होतं. तो मानेतल्या गाठींत जात नाही, दूर पसरत नाही. किरणांना तितकासा जुमानत नाही. पण नीट कापून काढला तर बहुतेकदा परत येत नाही; आणि स्वरयंत्र पूर्ण काढायची वेळ सहसा येत नाही.

बाईंचे यजमान निवृत्त गणिताचे शिक्षक. त्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "भाजीत मीठ नाहीये, तुझ्या लक्षात आलंय का?"

"नाही."

"मग मोठं काहीतरी झालंय."

बाईंनी सांगितलं. यजमानांनी ऐकून घेतलं, मीठ वाढून घेतलं आणि म्हणाले, "पोरं परीक्षेत उत्तर बरोबर लिहायची आणि मी शून्य द्यायचो. कारण प्रश्न दुसराच असायचा. तुला कुणी विचारलंच नव्हतं, शेंड्यात काय आहे."

"मला कळायला हवं होतं."

"हो," ते म्हणाले. समजूत घालायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि त्या दिवशी बाईंना ते बरं वाटलं.

सकाळी बाईंनी घशाच्या डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, तुमचं बरोबर होतं. आता मला खोल तुकडा हवाय. मुळापासून, खालच्या थरासकट."

डॉक्टर अडले. "मॅडम, चौथ्यांदा भूल द्यायची. शिवाय तेवढ्या खोल गेलो आणि तुमचा अंदाज चुकला, तर तंतू मी विनाकारण जायबंदी केला असं होईल. कोण उत्तर देणार?"

"मी देईन. आणि मी थिएटरात येते."

"तुम्ही?"

"मला ते एकदा जागेवर बघायचंय. इतके महिने मी घर न बघता विटा मोजतेय."

बाई शेवटच्या कधी ऑपरेशन थिएटरात गेल्या होत्या ते त्यांनाच आठवत नव्हतं. हिरवा झगा खांद्यावर मोठा झाला, टोपी सारखी कपाळावर येत होती. नर्सनं ती मागून घट्ट बांधून दिली. टेबलावर मास्तर निजले होते, डोळ्यांवर पट्टी, तोंडातून घशापर्यंत सरळ नळी. डॉक्टरांनी भिंगाखाली जागा धरली आणि बाजूला झाले. बाई वाकल्या.

काचेवर गुलाबी-जांभळं पाहायची सवय झालेल्या डोळ्यांना तो पांढरा रंग नवा होता. उजवा तंतू दिसतच नव्हता. त्याच्या जागी टोकेरी, दाट, खडबडीत गठ्ठा, खालच्या मांसाला असा चिकटून बसलेला जणू घराला बाहेरून कुलूप लावलंय. कडेला मात्र स्वच्छ रेघ. इथपर्यंत तो, इथून पुढे निरोगी. बाईंनी ती रेघ पुन्हा पुन्हा पाहिली.

"इथून घ्या," त्या म्हणाल्या. "कडेला. निरोगी भाग थोडा आला पाहिजे."

डॉक्टरांनी घेतला. थोडं रक्त आलं, ते थांबवलं. यावेळी तुकडा वाटाण्याएवढा होता. बाईंनी तो स्वतःच्या हातानं जाड कागदाच्या पट्टीवर तळ खाली करून ठेवला, आकसू नये म्हणून टाचणीनं टोचला आणि तळाला काळी शाई लावली. बाटली कुणाच्या हाती न देता त्या जिना उतरून खाली आल्या.

नानांनी ती घेतली. दुसऱ्या दिवशी तुकडा मेणात बसवताना त्यांनी चष्मा पुसला, दिव्याची मान वळवली, तापलेल्या चिमट्यानं तुकडा धरला आणि शाई बघून उभा केला. मेण थंड होईपर्यंत चिमटा सोडला नाही. विभागात काम करणारी एक मुलगी काही विचारायला आली, तिला त्यांनी डोळ्यांनीच परत पाठवलं.

दुपारी काच तयार झाली. बाईंनी ती लावली आणि सर्वांत कमी भिंगातून पाहिलं. मोठ्या भिंगाची गरजच पडली नाही. वर उंच टोकं, खाली गोल, रुंद, हत्तीच्या पायांसारखे खांब, शेजारच्या निरोगी त्वचेच्या पातळीपेक्षा कितीतरी खाली उतरलेले. सगळे एका रांगेत, एका खोलीवर थांबलेले. फुटून आत गेलेली एकही पेशी नाही. त्यांच्यासमोर शरीराचे पहारेकरी, सूज आणणाऱ्या पेशी, भिंतीसारखे उभे.

"या, नाना," बाई म्हणाल्या.

नाना दुसऱ्या डोक्याला वाकले. बराच वेळ पाहत राहिले. "उभा बसलाय," ते म्हणाले, आणि बाईंना समजलं की त्यांनी आधी तेच पाहिलं.

सातव्या दिवशी मास्तर आणि त्यांची बायको आले. घशाचे डॉक्टरही खाली आले होते. बाईंनी नानांकरवी खुर्च्या मागवून घेतल्या होत्या.

"कॅन्सर आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी ठरवलं होतं, हे आधी बोलायचं, घुमवायचं नाही. "पण त्या कागदावर लिहिलाय तो नाही. हा वेगळा आहे, दुर्मीळ. हळू वाढतो, जागा सोडून जात नाही. किरणांपेक्षा कापून काढणं याला चांगलं. स्वरयंत्र राहील, उजवा तंतू जाईल. ते डॉक्टर सांगतील." मग त्या थांबल्या. "आणि दोनदा मी नाही म्हणून लिहिलं. तिसऱ्यांदाही. तुकडा अपुरा होता, पण अपुरा आहे हे मी फोन करून सांगायला हवं होतं. ते मी केलं नाही. त्यात तुमचे आठ महिने गेले. मला त्याचं वाईट वाटतंय."

घशाच्या डॉक्टरांनी मान खाली घातली. "वरवरचा तुकडा मीच घेत होतो," ते म्हणाले. "रक्त येईल म्हणून."

मास्तरांच्या बायकोनं पर्स मांडीवर घट्ट धरली होती. "मी तुमचा पहिला कागद जपून ठेवलाय," ती म्हणाली. "कपाटात, साड्यांच्या खाली. घाबरायला झालं की काढून वाचायची. आता त्याचं काय करू?" तिचे डोळे भरले. "आठ महिने मी झोपले तुमच्या भरवशावर. आता ते चांगलं झालं की वाईट, मला सांगता येत नाही. राग आलाय मला. थोडा वेळ येऊ द्या."

"येऊ द्या," बाई म्हणाल्या.

मास्तर काहीतरी विचारत होते. पहिल्यांदा हवाच आली. त्यांनी पुन्हा श्वास घेतला. "बोलता येईल?"

"येईल," डॉक्टर म्हणाले. "पहिल्यासारखं नाही. पण माणसाला कळेल असं."

मास्तरांनी बायकोच्या हातावर हात ठेवला. "मग बास," ते म्हणाले.

रुग्णालयाच्या कॅन्सर समितीला पटवायला एक अख्खी बैठक गेली. किरणांच्या डॉक्टरांचा आग्रह नेहमीच्याच उपचाराचा होता. बाईंनी काच पडद्यावर लावली, दोन्ही रिपोर्ट लावले, आणि आपला चुकलेला आधी दाखवला. त्यानंतर फारसा वाद झाला नाही.

ऑपरेशन लेझरनं झालं, साडेतीन तास. उजवा तंतू आणि पुढचा कोपरा एकसंध काढला. पण काम अजून संपलं नव्हतं. या प्रकाराच्या पोटात कधी कधी नेहमीचा, घुसणारा कॅन्सर लपलेला असतो, आणि तसा कण सापडला तर हिशेबच पालटतो. म्हणून काढलेला भाग अख्खा तपासायचा होता, एकही फट न सोडता. नानांनी त्याचे बावीस ठोकळे केले.

पहिल्या दिवशी नऊ पाहून झाले. स्वच्छ. दुसऱ्या दिवशी चौदाव्यात बाई अडखळल्या. एका खांबाच्या पायथ्याशी सात-आठ पेशींचा पुंजका, सुटा. त्यांनी मोठं भिंग लावलं. पेशी किंचित मोठ्या वाटत होत्या की डोळे थकले होते? एकदा त्या फसल्या होत्या, दुसरी प्रयोगशाळाही फसली होती. आता त्यांचा स्वतःवरच विश्वास बसेना. त्यांनी नुसतं बोट ठेवून नानांना दाखवलं.

नानांनी तो ठोकळा पुन्हा यंत्रावर चढवला आणि त्याच जागी खोल खोल काप घेत गेले. एक, दोन, पाच, आठ. प्रत्येक काच सुकली की रंगवून बाईंसमोर. पाचव्या कापात पुंजका थोडा मोठा झाला. बाईंनी पेन बाजूला ठेवलं. सातव्यात तो खांबाकडे झुकला. नवव्यात त्याला जोडणारा पातळ पूल दिसला आणि दहाव्यात तो पुंजका उरलाच नाही, खांबाचाच एक कोपरा होता तो, वाकून खाली आलेला. त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. नाना कपडा घेऊन यंत्राचं पातं पुसत होते.

"अकरावा काढू?" त्यांनी विचारलं.

"काढा," बाई म्हणाल्या. अकरावाही तसाच होता.

बावीस ठोकळे, एकाहत्तर काचा. दुसरा कॅन्सर कुठे नव्हता. पुढच्या कोपऱ्यातली कड मात्र अर्धा मिलिमीटरच मोकळी होती, गाठीपलीकडचा निरोगी भाग तेवढाच आला होता, आणि बाईंनी ते लिहिलं. शेवटची ओळ म्हणून नाही, पहिल्या परिच्छेदात, आणि लिहून झाल्यावर डॉक्टरांना फोनही केला. ठरलं ते असं: अजून कापायचं नाही, दर दोन महिन्यांनी कॅमेरा घालून बघायचं.

तेव्हापासून विभागात एक पद्धत पडली. घशाच्या तुकड्याला तळ नसेल तर रिपोर्टच्या आधी फोन जायचा. काही डॉक्टर कुरकुरले. एकानं विचारलं, मॅडम आम्हाला आता ऑपरेशन शिकवणार का? बाईंनी त्याला सांगितलं, "शिकवणार नाही, विचारणार. तुम्ही फोन उचलत जा."

मास्तर दर दोन महिन्यांनी यायचे, वर तपासून घ्यायचे आणि निघून जायचे. बाईंना बातमी डॉक्टरांकडून कळायची. स्वच्छ. पुन्हा स्वच्छ. सहाव्या खेपेलाही स्वच्छ. बायको एकदा खिडकीपर्यंत आली, नानांना नमस्कार केला, आत डोकावली नाही. बाईंनीही बोलावलं नाही.

वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी विभागातला फोन वाजला. पलीकडून जाड, खरखरीत, खालच्या पट्टीतला पुरुषी आवाज आला. "डॉक्टरबाई आहेत का?"

"मीच बोलतेय. आपण?"

"गाडी शिकवतो मी."

"बोला, मास्तर. काही त्रास होतोय का?"

"त्रास घरात आहे. ही मला ऑफिसचा फोन उचलू देत नाही. म्हणते, तुमचं बोलणं फोनवर कुणाला कळत नाही, गिऱ्हाईक पळेल. मी म्हटलं, अनोळखी माणसाला फोन लावून बघू. पण अनोळखी माणसाला हे विचारायचं कसं? मग तुमची आठवण झाली. तुम्ही माझा आवाज ऐकलात किती, तर दहा-बारा वाक्यं." दोन श्वास गेले. "कळतंय का तुम्हाला?"

"एकूण एक शब्द."

"मग तिलाच सांगा. माझं ऐकत नाही ती."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मागे कुणीतरी म्हणत होतं, अहो, कशाला त्यांना त्रास देताय. मग मास्तरांची बायको फोनवर आली.

"डॉक्टरबाई, खरं सांगा हं. त्यांना बरं वाटावं म्हणून नको."

"मी असं काही लिहूनही देत नाही आणि सांगतही नाही," बाई म्हणाल्या. "त्यांचं बोलणं मला पहिल्यापासून शेवटपर्यंत कळलं."

"बरं झालं," ती म्हणाली. "म्हणजे मला दुपारचं थोडं पडता येईल. सकाळपासून माझाच घसा दुखतोय बोलून बोलून." आणि लगेच, घाईघाईनं, "साधाच दुखतोय. सर्दीचा."

"दोन आठवड्यांत राहिला नाही तर दाखवा," बाई म्हणाल्या, आणि दोघीही हसल्या.